खाडीत होडी घालण्याआधी तिथी का बघतात? जाणून घ्या भरती-ओहोटीचं सोपं गणित

कार्तिक पौर्णिमा म्हटली की बीड जिल्ह्यात कपिलधारची मन्मथस्वामींची यात्रा आठवते. त्याच पौर्णिमेला मालवण तालुक्यातल्या देवबागचा होडीवाला मात्र एकच विचार करतो: आज उधाण, पाणी किती वाजता फिरणार?

कपिलधारच्या धबधब्याचं पाणी वरून खाली येतं आणि पुढे जातं. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. तिथे दिवसातून दोनदा नदी चक्क उलटी वाहते. मराठवाड्यातून सुट्टीत कोकणात जाणाऱ्या पर्यटकांची फसगत होते ती इथेच.

नदी उलटी का वाहते?

चंद्र आणि सूर्याच्या ओढीने समुद्राचं पाणी चढतं आणि उतरतं. भरतीचं पाणी नदीच्या मुखातून आत शिरतं, ओहोटीला बाहेर जातं. दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं जातात. म्हणूनच भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि तितकंच उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास चढ-उतार कमी असतो, त्याला भांग म्हणतात.

तिथीची पाऊणपट

कोकणातला जुना हिशोब सोपा आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला 4 ची पाऊणपट 3, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराला. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. हा फक्त अंदाज आहे. गावागणिक वेळ बदलते आणि नदीत जितकं आत जावं तितकी भरती उशिरा पोचते. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातच बघावी.

मासेमारीचं गणितही हेच

भरतीबरोबर मासे खाऱ्या पाण्यासोबत कांदळवनात चरायला शिरतात आणि ओहोटीला परततात. त्यांच्या या वाटेवरच जाळी लावली जाते. तिसऱ्या काढायच्या तर ओहोटी हवी, कारण तेव्हाच वाळूचे पट्टे उघडे पडतात.

धोका कुठे आहे?

शांत दिसणाऱ्या खाडीत कयाक घेऊन उतरणं सोपं आहे. पण ओहोटी लागली की प्रवाह होडीला मुखाकडे ओढतो. तिथे बाहेर जाणारं पाणी आणि आत येणाऱ्या लाटा एकमेकांवर आदळतात आणि लाटा उंच होतात. पावसाळ्यात नदीचा लोंढाही त्यात मिसळतो. उलट, आत खाडीत उशीर झाला तर होडी गाळात रुतते आणि पुढच्या भरतीपर्यंत तिथेच बसावं लागतं.

म्हणून नवख्यांनी या गोष्टी पाळाव्यात:

- भरती चढत असताना मुखापासून लांब, नदीच्या आतल्या बाजूला जावं आणि ओहोटीचा जोर वाढायच्या आत काठाला लागावं.
- उधाणाच्या दिवशी एकट्याने उतरू नये.
- लाइफ जॅकेट होडीत ठेवू नये, अंगात घालावं.
- उघड्या पडलेल्या वाळूच्या पट्ट्यावर उतरलात तर होडी सोडून लांब जाऊ नये. काही तासांत तिथे पाणी असतं.

आणि वेळेबद्दल शंका असेल तर स्थानिक होडीवाल्याला विचारावं. तो "आता नको" म्हणाला, तर पाणी कितीही शांत दिसत असलं तरी ऐकावं.