जुनी मोटारसायकल : आधी निदान, मग ऑईल

वर्धा शहराला लागून असलेल्या सावंगी (मेघे) येथे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आणि जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय यांमुळे रात्रंदिवस वर्दळ असते. विद्यार्थी, रात्रपाळीचे कर्मचारी आणि गावाकडून रुग्णाचा डबा घेऊन येणारे नातेवाईक यांपैकी अनेकांची भिस्त जुन्या मोटारसायकलवरच असते. वर्धा ही जमनालाल बजाज यांची कर्मभूमी. त्यांच्या घराण्याच्या कारखान्यातून निघालेल्या बॉक्सर, पल्सर आणि त्यांच्या बरोबरीने हिरो होंडाच्या स्प्लेंडर मोठ्या भावाकडून धाकट्याकडे, एका विद्यार्थ्याकडून दुसऱ्याकडे जात राहतात.

अशी गाडी एके दिवशी ओढेनाशी होते. मालक म्हणतो, ऑईल बदला. मिस्त्री म्हणतो, इंजिन खोलावे लागेल. खरे कारण मात्र अनेकदा क्लचच्या केबलमध्ये किंवा सैल चेनमध्ये दडलेले असते. रुग्णाला तपासल्यावाचून औषध दिले जात नाही, तोच नियम गाडीलाही लागू आहे.

दोष नेमका कोठे?

इंजिनात निर्माण झालेली शक्ती क्लच, गिअरबॉक्स, पुढचे लहान दातेरी चक्र, चेन आणि मागचे मोठे चक्र या क्रमाने चाकापर्यंत पोहोचते. तपासणीही याच क्रमाने करावी.

मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये मध्यम वेगाने जात असताना ॲक्सिलरेटर वाढवून पाहावा. इंजिनाचा आवाज चढला, पण वेग त्या प्रमाणात वाढला नाही, तर क्लच घसरत आहे असे समजावे. मात्र लगेच क्लच प्लेट बदलण्याची घाई नको. क्लचच्या दांडीच्या टोकाशी साधारण एक ते दोन सेंटिमीटर मोकळी हालचाल असावी लागते. ती नसेल तर क्लच सतत अर्धवट दाबलेला राहतो आणि प्लेटा झिजतात. उलट ही हालचाल फार असेल, तर क्लच पूर्ण सुटत नाही. मग गिअर खडखडत पडतो आणि सिग्नलवर न्यूट्रल सापडत नाही. हे दोन्ही दोष प्रथम केबलच्या नटावर दुरुस्त करून पाहावेत. केबल योग्य असूनही टाकलेला गिअर आपोआप सुटत असेल, तर गिअरबॉक्समधील भाग झिजल्याची शक्यता असते. तेथे मात्र इंजिन उघडण्याला पर्याय नाही.

आवाजाचे मूळ शोधण्याची रीतही सोपी आहे. इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये ढकलावी. आवाज तरीही येत असेल, तर दोष चेन, चाकाचे बेअरिंग किंवा ब्रेक यांत आहे. गाडी जागेवर उभी असताना इंजिन सुरू करून क्लच दाबताच आवाज बदलत असेल, तर संशयाची सुई क्लचकडे वळते.

चेन तपासताना इंजिन बंदच असावे. गाडी मुख्य स्टँडवर लावून चाक हाताने फिरवावे. सुरू इंजिनावर चेन पुसताना बोटे गमावण्याचा धोका असतो. चेन मध्यभागी सुमारे दोन ते तीन सेंटिमीटर वर-खाली हलावी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी सैल लागणारी चेन असमान झिजलेली असते. मागच्या चक्रावरून चेन मागे ओढल्यास दाता अर्धा उघडा पडत असेल किंवा दाते वाकून टोकदार झाले असतील, तर चेन व दोन्ही चक्रे एकत्रच बदलावीत. जुन्या चक्रांवर नवी चेन लवकर खराब होते. फार सैल चेन उतरून मागचे चाक जाम करू शकते, म्हणून येथे काटकसर करू नये. चेन ताणताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवाव्यात आणि त्यानंतर मागचा ब्रेक पुन्हा जुळवून घ्यावा, कारण चाक मागे सरकल्याने तोही आवळला जातो.

ऑईल कोणते?

आपल्याकडील बहुतेक चारस्ट्रोक मोटारसायकलींत इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच यांना एकच ऑईल पुरते. क्लच त्या ऑईलमध्येच बुडून काम करतो. मोटारीच्या काही ऑईलमध्ये इंधनबचतीसाठी घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. क्लच तर घर्षणावरच चालतो! म्हणून घरातल्या मोटारीचे उरलेले ऑईल दुचाकीत ओतू नये. डब्यावर जपानी मानकाचे 'जासो एमए' किंवा 'एमए-२' हे चिन्ह पाहावे. 'एमबी' हे चिन्ह कोरडा क्लच असलेल्या स्कूटरसाठी असते. चुकीचे ऑईल पडून क्लच घसरू लागला असेल, तर योग्य ऑईल भरल्यावर तो कधी कधी सुधारतो. प्लेटा जळल्या असतील तर त्या बदलाव्याच लागतात. आरएक्स-१०० सारख्या टू-स्ट्रोक गाड्या आणि जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाच्या बुलेट यांत गिअरबॉक्सचे वंगण वेगळे असते, हे त्यांच्या मालकांनी लक्षात ठेवावे.

'१०डब्ल्यू-३०' यातील पहिला आकडा थंडीतील वाहतेपणा दर्शवतो, तर दुसरा तापलेल्या इंजिनातील दाटपणा. वर्ध्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो. त्यामुळे पुस्तिकेत एकाहून अधिक श्रेणी दिल्या असतील, तर उन्हाळ्यात त्यांतील दाट श्रेणी निवडणे योग्य ठरते. मात्र 'गाडी जुनी, म्हणून ऑईल जितके दाट तितके बरे' हा समज चुकीचा आहे. अति दाट ऑईल अरुंद मार्गांत उशिरा पोहोचते, आणि झिजलेली रिंग किंवा प्लेट त्याने भरून येत नाही.

ऑईलची पातळी दर आठवड्याला, गाडी सपाट जागी सरळ उभी करून पाहावी. ऑईल काळे पडले म्हणजे बिघडलेच असे नाही. ते दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑईल जाळत आहे. जळके ऑईल चेनला लावण्याची पद्धत सोडून द्यावी. त्यात धातूचे कण असतात आणि त्यांत काळ्या मातीची धूळ मिसळली की चेन घासली जाते. त्याऐवजी चेनचे वंगण किंवा गिअर ऑईल वापरावे.

पुढच्या वेळी गॅरेजमध्ये जाताना 'गाडी बरोबर चालत नाही' एवढेच न सांगता, कोणत्या गिअरमध्ये, कशा वेळी आणि कसा आवाज येतो, ते सांगावे. अर्धे निदान तेथेच होते आणि इंजिन विनाकारण उघडले जात नाही.