आज्ञा तीच, उत्तर वेगळे!

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला. रिसोड जागेवरच राहिले. पण आता ते अकोल्याच्या यादीत शोधाल, तर सापडणार नाही. संगणकातही असेच घडते.

तयार आज्ञांच्या संग्रहाला ‘लायब्ररी’ म्हणतात. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. प्रभू रामचंद्रन यांची ‘मायावी’ ही त्रिमितीय आलेख काढणारी प्रणाली ‘व्हीटीके’ या लायब्ररीवर उभी आहे. २०१३ साली व्हीटीकेच्या सहाव्या आवृत्तीतून ‘सेटइनपुट’ ही आज्ञा गेली, ‘सेटइनपुटडेटा’ आली. जुनी आज्ञा वापरणाऱ्या आज्ञावल्या अडल्या.

असे बदल शोधणारी साधने दोन्ही आवृत्त्यांतील आज्ञांच्या याद्या ताडून पाहतात: कोणती गेली, कोणती आली, कोणत्या आज्ञेला पुरवायची माहिती बदलली.

पण नाव तेच राहून अर्थच बदलला तर? पायथन भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीत ७/२ चे उत्तर ३ येई. २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत ते ३.५ येते. चिन्ह तेच, म्हणून यादीत फरक दिसत नाही. आज्ञावली न अडता वेगळे उत्तर देते, हा खरा धोका! त्यावर उपाय म्हणजे उत्तर आधीच ठाऊक असलेली उदाहरणे दोन्ही आवृत्त्यांना घालून पाहणे. प्रयोगशाळेत नवा तराजू आला, की आपणही प्रथम माहीत असलेले वजनच ठेवून पाहतो ना?