प्लगिन चालेना, दोष कुठल्या पायथनचा?

नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात वाशिम जिल्हाही आहे. पाऊस किती पडला, पिकाने किती घेतला, किती वाहून गेला, किती मुरला, हा गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडण्यासाठी आयआयटी मुंबईच्या गटाने या प्रकल्पाकरिता क्यूजीआयएस या मुक्त नकाशा-सॉफ्टवेअरवर चालणारे प्लगिन तयार केले. अशी प्लगिने पायथनमध्ये लिहितात. कुठलेही जुने प्लगिन नव्या संगणकावर टाकले आणि लाल अक्षरांत चूक उमटली, की जो तो आपापला तर्क लढवतो.

गैरसमज: संगणकावर नवे पायथन टाकले की भागले.
विंडोजवर क्यूजीआयएस स्वतःचे पायथन घेऊन येते आणि तेच वापरते. तुम्ही वेगळे उतरवलेले पायथन त्याच्या गावीही नसते. म्हणूनच साध्या कमांड प्रॉम्प्टमधून बसवलेले मॉड्यूल त्याला सापडत नाही. ते सोबत आलेल्या ओएसजीओ४डब्ल्यू शेलमधून बसवावे लागते. लिनक्सवर मात्र बहुधा सिस्टिमचेच पायथन वापरले जाते. तेव्हा लिनक्सवाल्या मित्राचा सल्ला विंडोजवर लागू पडेलच असे नाही.

गैरसमज: मग आतले जुने पायथन काढून नवे ठेवू.
हा उद्योग करू नये. क्यूजीआयएसचा गाभा सी प्लस प्लसमध्ये आहे आणि त्याला पायथनशी जोडणारा दुवा ठरावीक आवृत्तीसाठीच बांधलेला असतो. अख्खे क्यूजीआयएसच नवे घ्यावे.

गैरसमज: चूक दिसत नाही, म्हणजे आकडे बरोबर.
खरी मेख इथे आहे. क्यूजीआयएस २.१८ पायथन २.७ वर चाले. फेब्रुवारी २०१८ मध्ये आलेले ३.० पायथन ३ वर गेले. पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. जुन्या कोडमध्ये 'प्रिंट' कंसाविना असेल, तर नवे पायथन तिथेच अडून बसते. ही चूक परवडली, निदान ती दिसते तरी. भागाकार मात्र गुपचूप बदलला आहे: पाच भागिले दोन, जुन्यात उत्तर २, नव्यात २.५. कुठे जुने उत्तर अपूर्णांक गाळून आलेले असते, तर कुठे कोड पूर्णांकाच्या भरवशावर लिहिलेला असतो. नकाशा सुरेख उमटतो आणि पाण्याचा आकडा वेगळाच येतो. दोन्ही क्यूजीआयएस एकाच संगणकावर शेजारी राहू शकतात. रिसोड किंवा मानोरा तालुक्यातले एक गाव घ्यावे, तीच माहिती दोन्हीकडे चालवावी आणि फरक पडला तर आधी कोडमधले भागाकार तपासावेत.

गैरसमज: गावांची मराठी नावे अगम्य चिन्हांत दिसतात, म्हणजे पायथन जुने.
बहुतेकदा पायथनचा संबंधच नसतो. शेपफाइल कुठल्या एन्कोडिंगमध्ये वाचायची, हे चुकलेले असते. थराच्या गुणधर्मांत 'सोर्स'खाली यूटीएफ-८ निवडून पाहावे. 'मंगरुळपीर' बहुधा तेवढ्यानेच वाचता येते.