दंव गोठण्याची रात्र कशी ओळखावी ?

आश्विनांतील ऊन ओसरून कार्तिक लागला, कीं नाशिक जिल्ह्यांतील बागाईतदारांच्या मनांत एकच विचार घोळूं लागतो : यंदां पारा किती खालीं जाणार ? निफाड, दिंडोरी या तालुक्यांत द्राक्षांची गोडी छाटणी बहुधा आक्टोबरांत उरकलेली असते. मार्गशीर्ष-पौषांत कांहीं वेलींवर मणी वाढीस लागलेले, तर आगाप बागांत पाणी उतरलेले असतें. आणि नेमक्या त्याच वेळीं उत्तरेकडील थंडी खालीं येते. वर्षाचा खर्च होऊन चुकलेला, माल मात्र अद्याप वेलीवर, अशा स्थितींत एखादी रात्र सगळा हिशेब उलटा करूं शकते. म्हणून या थंडीचा अंदाज कसा बांधावा, व वर्तमानपत्रांत छापलेला आंकडा आपल्या शेतास कितपत लागू पडतो, याविषयीं आम्ही येथें थोडें विस्तारानें लिहीत आहों.

नैर्ऋत्येचा मोसमी पाऊस परतल्यावर आकाश निवळतें व रात्री थंड होऊं लागतात. परंतु खरा कडाका आपल्याकडे बाहेरून येतो. हिमालयाच्या पश्चिम भागावरून हवेचे जे विक्षोभ पूर्वेकडे सरकतात, त्यांच्या पाठीमागून वायव्येची कोरडी थंड हवा राजस्थान-गुजराथेवरून खानदेशांत, आणि तेथून गोदावरी-कादवेच्या खोऱ्यांत पोंचते. काश्मिरांत बर्फ पडल्याची बातमी आली, कीं चार दिवसांत आपल्याकडे गारठा वाढेल असें म्हणण्याचा प्रघात आहे, त्यांत तथ्य आहे. मात्र मध्येंच बंगालच्या उपसागरांत वादळ उठलें, तर पूर्वेकडील दमट वारे व ढग येऊन ही थंडी अडते आणि रात्री उबदार होतात. त्यामुळें हायसें वाटतें न वाटतें, तोंच भुरी व केवडा बागेंत डोकें वर काढतात. तेव्हां ढगाळ डिसेंबर पाहून कोणीं निर्धास्त राहूं नये.

आतां आंकड्यांकडे वळूं. मैदानी प्रदेशांत किमान उष्णमान १० अंश किंवा त्याखालीं जाऊन सरासरीहून साडेचार अंशांनीं उतरलें, म्हणजे भारतीय हवामान खातें तीस थंडीची लाट म्हणतें. ४ अंश वा त्याखालीं पारा गेल्यास सरासरीचा विचार न करतांहि लाट धरितात. पुण्यास १७ जानेवारी १९३५ रोजीं १.७ अंश, व नाशकास जानेवारी १९४५ मध्यें ०.६ अंश इतका पारा उतरल्याची नोंद आहे. अलीकडे निफाडजवळील कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर डिसेंबर २०१८ च्या अखेरीस १.८, आणि जानेवारी २०२० मध्यें २.४ अंश नोंदले गेले. गव्हासाठीं बसविलेल्या केंद्राचा आंकडा द्राक्षवाल्यानें धडधडत्या छातीनें वाचावा, हा योगायोगच म्हणावयाचा. कारण या थंडीनें गहूं चांगला फुटतो, आणि शेजारच्या बांधापलीकडील बागाईतदारास झोंप लागत नाहीं.

वरील एकाहि नोंदींत पारा शून्यावर गेलेला नाहीं. तरीहि अशा रात्रीं गवतावरचें व पाल्यावरचें दंव गोठून पांढरें झालेलें लोकांनीं पाहिलें आहे. हें कसें ? याचें उत्तर ज्यास नीट उमगलें, त्यास हवामानाचें पत्रक वाचतां आलें असें आम्ही समजतों. वेधशाळेचा उष्णतामापक जमिनीपासून सुमारें चार फूट उंचीवर, झडपांच्या पेटींत, सावलींत टांगलेला असतो. तो हवेचें उष्णमान सांगतो, पानाचें नव्हे. निरभ्र रात्रीं जमीन व पानें आपली उष्णता आकाशाकडे टाकीत राहतात आणि भोंवतालच्या हवेहून अधिक निवतात. वारा पडलेला असला, तर वरची ऊब खालच्या हवेंत मिसळत नाहीं. अशा वेळीं पेटींतील आंकडा व गवताच्या पात्याचें उष्णमान यांत तीन ते पांच अंशांचें अंतर सहज पडतें. पत्रकांत ४ अंश म्हटलें असेल, तेव्हां गवतावर शून्य असूं शकतें, तें यामुळेंच. मांडवावरचीं पानें गवताइतकीं नसलीं तरी आकाशाकडे उघडींच असतात.

या बाबतींत आपल्याच प्रांतांत झालेलें एक काम येथें सांगण्याजोगें आहे. हवामान खात्याच्या पुण्यांतील कृषिशाखेचे डॉ. रामदास यांनीं आत्मनाथन् यांच्यासह १९३२ सालीं असें दाखवून दिलें, कीं शांत निरभ्र रात्रीं उघड्या जमिनीवर सर्वांत थंड हवा जमिनीला लागून नसते, तर तिच्यावर कांहीं इंच, वीत-दीड वीत उंचीवर असते. रोपवाटिकेंतील कोंवळें रोप नेमकें त्याच थरांत शेंडा काढून उभें असतें, हें ध्यानांत घ्यावें.

शिवाय थंड हवा जड असल्यामुळें पाण्याप्रमाणें उतारानें वाहते व खोलगटांत सांचते. महाबळेश्वरीं वेण्णा तलावाकांठच्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर दंव गोठतें, त्या वेळीं गांवांतील वेधशाळेचा पारा कितीतरी वर असतो, तो याच कारणानें. आपल्या शेतांतहि ओढ्याकांठचा तुकडा व माळावरचा तुकडा यांत हाच भेद आढळेल.

मग रात्र ओळखावी कशी ? हवामान खात्याचें कृषिहवामान-पत्रक आठवड्यांतून दोनदां निघतें, तें वाचावेंच. पण सायंकाळीं स्वतः बांधावर उभें राहून तीन गोष्टी पाहाव्या : आभाळ स्वच्छ आहे काय, वारा पडला आहे काय, आणि हवा कोरडी आहे काय. तिसरी गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. हवेंत ओलावा असल्यास दंव लवकर पडूं लागतें, आणि तें पडतांना वाफेंतील गुप्त उष्णता मोकळी होऊन पारा सावकाश उतरतो. हवा अगदीं कोरडी असल्यास दंव पडतच नाहीं, पारा मात्र खालीं जात राहतो. सकाळीं पांढरें कांहींच दिसत नाहीं, आणि दुपारपर्यंत शेंडे काळे पडतात. बागेच्या सर्वांत सखल कोपऱ्यांत एक किमान-उष्णतामापक टांगावा. त्याची किंमत एका औषध-फवारणीच्याहि मानानें क्षुल्लक आहे.

उपायांत पाणी पहिलें. ओली, घट्ट बसलेली जमीन दिवसा अधिक ऊन पोटांत घेते व रात्रीं तें परत देते. नुकतीच कुळवलेली कोरडी माती किंवा दाट तण असलेली जमीन तसें करीत नाहीं. म्हणून लाटेचा इशारा मिळतांच आदल्या दिवशीं दुपारपूर्वीं पाणी द्यावें, व त्या आठवड्यांत कुळवणी टाळावी. पहाटे विहिरीचें कोमट पाणी सोडण्याची चाल आहे, तीहि योग्य आहे. वेलीवरून तुषार मात्र विचार करून उडवावेत. एक ग्रॅम पाणी गोठतांना ८० कॅलरी उष्णता देतें, पण तेंच वाफ होतांना सहाशेंच्या जवळपास हिरावून घेतें. कोरड्या वाऱ्यांत तुषार मध्येंच बंद पडले, तर उपायापेक्षां अपाय अधिक.

शेकोट्यांविषयीं आमचें मत थोडें निराळें आहे. धुराचें पांघरूण थंडी अडवितें हा समज फारसा टिकणारा नाहीं. पानांतून जाणारी उष्णता धूर विशेष रोखीत नाहीं. उपयोग होतो तो जाळाच्या ऊबेचा व हवा हालण्याचा. यास्तव एक मोठा जाळ करण्यापेक्षां बांधाबांधानें पुष्कळ लहान शेकोट्या कराव्या, आणि त्या मध्यरात्रीं पेटवून पहाटेस विझूं देऊं नयेत. पारा सर्वांत खालीं असतो तो सूर्योदयाच्या सुमारास. पाणी उतरलेल्या बागेंत मणी तडकतात ते अशाच सकाळीं.

खानदेशांतील केळीच्या बागांस दंव गोठण्याचीहि वाट पाहावी लागत नाहीं. दहा-बारा अंशांखालींच नवीन पान निघणें मंदावतें व घड बाहेर पडतांना अडकतो. तेथें वायव्येच्या बाजूस शेवरीचें कुंपण दाट ठेवावें.

एवढें करूनहि शेंडे काळवंडलेच, तर विळा घेऊन लगेच छाटणीस लागूं नये. मेलेलें कोठवर व जिवंत कोठून, हें सात-आठ दिवसांनंतरच डोळ्यांस दिसतें. तोंवर हलकें पाणी चालू ठेवावें आणि खत देण्याची घाई करूं नये.