खेळाची विजार कशी घ्यावी?

पालकहो, पी.टी.च्या तासाला काही मुले, विशेषतः मुली, "पोट दुखतंय" म्हणून कडेला बसतात. विचारपूस केली तेव्हा कळले की पुष्कळदा दुखणे पोटाचे नसून विजारीचे असते. कुणाची जीन्स गुडघ्यात वाकत नाही, कुणाला शिवण उसवण्याची धास्ती.

विजार घेताना दुकानातच मुलाला उकिडवे बसायला सांगा. कंबर मागून खाली सरकली किंवा मांडीवर कापड ताणले, तर ती घेऊ नका. होजिअरीचे कापड धाग्यांच्या फासांनी विणलेले असते, म्हणून ताणते. मागावरचे कापड उभ्या-आडव्या धाग्यांचे. ते सहसा ताणत नाही, म्हणून शिंप्याला आसन सैल ठेवायला सांगावे. शिवण्याआधी सुती कापड भिजवून घ्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटते.

17व्या शतकात फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याने लिहिले आहे की बऱ्हाणपूरचे तलम पांढरे कापड इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जाई. यंत्रमाग तर आपण रोज ऐकतो. अशा गावात मुलांनी कपड्यापायी खेळ सोडावा, याचे आम्हाला वाईट वाटते.

सूत घाम शोषते पण सावकाश वाळते. पॉलिएस्टर फारसे शोषत नाही, लवकर वाळते, मात्र आपल्या उन्हात अंगाला चिकटते. म्हणून उन्हाळ्यात सुती, पावसाळ्यात मिश्र कापड बरे.

कंपनीचे नाव पाहू नका. गडद निळी, साधी विजार शाळेत चालेल आणि बाजारात जातानाही. तिला खोल खिसा मात्र असावा; ही सूचना मुलींची आहे.