शेअर : वाटा, मत आणि मोबदला

भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरेच्या दोन्ही कालव्यांखाली ऊस उभा राहिला. त्या उसाच्या पाठोपाठ जे इंग्रजी शब्द नगर जिल्ह्याच्या उत्तर भागात रुळले, त्यांत ‘शेअर’ या शब्दाइतका सर्वतोमुखी झालेला दुसरा शब्द क्वचितच सापडेल. शाळेची पायरी न चढलेले गृहस्थही ‘कारखान्यात आपले दोन शेअर आहेत’ असे बिनदिक्कत सांगतात, आणि ‘भागधारक’, ‘भागभांडवल’ हे कायद्याच्या पुस्तकातले प्रतिशब्द मात्र अहवालाच्या छापील पानांबाहेर फारसे पडत नाहीत. शब्द इतका अंगवळणी पडला की त्याचा अर्थ पुन्हा तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटेनाशी झाली, आणि सगळ्या गैरसमजांचे मूळ तेथेच आहे.

इंग्रजीत याच अक्षरांचा आणखी एक शब्द आहे व त्याचा अर्थ नांगराचा फाळ असा होतो. दोहोंचे मूळ कापणे, चिरणे या अर्थाच्या एकाच प्राचीन धातूत आहे. एक जमीन चिरणारा, तर दुसरा कापून वेगळा काढलेला हिस्सा. तेव्हा आपल्याकडच्या ‘वाट्या’शी त्याचे नाते निकटचे. बटाईने जमीन कसणाऱ्याला पीक बुडाले तर वाटाही बुडतो हे सांगावे लागत नाही. खंडाने जमीन देणाऱ्याचे तसे नसते, त्याची रक्कम ठरलेली असते. हा भेद ज्याच्या ध्यानात आला, त्याला शेअरचा निम्मा अर्थ समजला असे म्हणावयास हरकत नाही.

या भेदाचे पाठ जिल्ह्याच्या इतिहासातच आहेत. हरेगावच्या बेलापूर कंपनीने ऊस पिकविण्याकरिता शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या. जमीन शेतकऱ्याची, साखर कंपनीची, आणि मालकाच्या पदरी वार्षिक खंड. कारखान्याच्या नफ्यात वा कारभारात त्याचा हिस्सा कोणताच नव्हता. पुढे १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने साखर कंपन्यांकडील जमिनी सरकारकडे गेल्या, १९६३ मध्ये स्थापन झालेल्या शेती महामंडळाच्या ताब्यात आल्या, आणि त्या परत मिळाव्यात म्हणून ‘खंडकरी’ म्हणवल्या जाणाऱ्या मालकांच्या पिढ्या सरकारदरबारी खेटे घालीत राहिल्या. त्याआधीच लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी कारखान्याचा ध्यास घेतला व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष झाले. त्या प्रवरेच्या कारखान्याने १९५०-५१ च्या हंगामात गाळप सुरू केले, तेव्हा शेतकऱ्याच्या हाती पडलेली नवी वस्तू म्हणजे शेअर. खंडकऱ्याचा सभासद झाला तो या एका कागदाने. म्हणून त्या कागदाविषयीचे अज्ञान मला अधिकच खटकते.

पहिला समज असा की, ज्याचे शेअर अधिक त्याचे वजन अधिक. कंपनीच्या बाबतीत ते खरे आहे, कारण तेथे मत शेअरमागे मोजले जाते. सहकारी संस्थेत मत माणसामागे आहे. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचे २७ वे कलम सभासदाला, त्याचे शेअर एक असोत वा पन्नास, एकच मत देते. आणि कोणा एका व्यक्तीने भागभांडवलाचा किती हिस्सा बाळगावा यावरही त्याच कायद्याने मर्यादा घातली आहे. निवडणुकीत वजन कशाने पडते हा निराळा विषय. तो शेअरच्या दाखल्यावर लिहिलेला नसतो.

दुसरा समज किमतीचा. कंपनीचा शेअर बाजारात वर जातो तसा आपलाही कालांतराने वाढला असेल, वडिलांनी घेतलेला शेअर आज विकला तर घबाड हाती येईल, अशी आशा पुष्कळांच्या मनात असते. सहकारी कारखान्याच्या शेअरला असा बाजारच नाही. त्याची किंमत म्हणजे दर्शनी किंमत. कारखान्याने शेअरची किंमत वाढवली अशी बातमी आली की काहींना आनंद होतो, पण तिचा खरा अर्थ असा की वाढलेल्या किमतीचा फरक सभासदाने भरावयाचा आहे. हा फरक बहुधा उसाच्या बिलातूनच कापला जातो.

उसाचे बिल एकवार डोळ्यांखालून घालावे. वर टनेज आणि दर, खाली कपाती : सोसायटीचे कर्ज, ठेव, शेअरची बाकी. तळाशी राहते ती रक्कम शेतकऱ्याच्या खात्यावर पडते, आणि दिवाळीच्या तोंडावर येणाऱ्या पुढच्या हप्त्याला कित्येक घरांत ‘शेअरचे पैसे’ म्हटले जाते. वास्तविक तो उसाचा भाव आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत किमान दराची रक्कम देणे कारखान्यावर बंधनकारक असून, ते देणे सभासद व बिगरसभासद असा भेद करीत नाही. शेअरवर मिळतो तो लाभांश. त्याला नफा व्हावा लागतो, वार्षिक सभेची मंजुरी लागते, आणि सहकारी संस्था अधिनियमाच्या ६७ व्या कलमाने, निबंधकांची पूर्वमंजुरी नसेल तर, त्याची कमाल मर्यादा शेकडा १५ ठरवली आहे. सभासदाला सवलतीच्या दराने मिळणारी साखर ही तिसरीच बाब. खरे सांगावयाचे तर बहुतेक घरांना शेअरची आठवण या साखरेच्या कार्डामुळेच राहते, आणि त्यात गैर काही नाही.

जमीन विकली की तिच्याबरोबर शेअरही खरेदीदाराकडे जातो, हाही एक पक्का समज. खरेदीखतात तसे लिहून घेतल्याने काही होत नाही; हस्तांतराला संस्थेच्या नियमांची पूर्तता व मंजुरी लागते. सभासदाच्या मृत्यूनंतर शेअर नामनिर्देशित व्यक्तीच्या नावे चढतो, एवढ्यावरून तीच एकटी मालक झाली असे मानून बहिणींना वगळणारे भाऊ आहेत. परंतु नामनिर्देशनाने वारसाहक्क बुडत नाही, असाच न्यायालयांचा कल राहिला आहे. उलट एक भीती मात्र निराधार आहे. कारखान्यावर कोट्यवधींचे कर्ज झाले म्हणून सभासदाच्या घरादारावर जप्ती येत नाही. कारखान्याच्या नावाच्या शेपटाला जो ‘लि.’ लटकत असतो, त्याचा आशयच हा की सभासदाची जबाबदारी त्याच्या शेअरच्या रकमेपुरती मर्यादित आहे.

अलीकडे या शब्दाला आणखी एक वळण मिळाले आहे. २०२४ च्या सुमारास शेवगाव तालुक्यात ‘शेअर मार्केट’चे फलक लावून बसलेल्या मंडळींनी गावोगावच्या लोकांकडून लाखोंच्या रकमा घेतल्या, दरमहा ठराविक परतावा कबूल केला आणि मुदत भरण्यापूर्वी पोबारा केला. गुंतवणारांत बहुतेकांनी आपण शेअर घेतले असे मानले होते. हातात शेअर एकही नव्हता, डीमॅट खाते नव्हते, असली तर एखादी चिठ्ठी वा धनादेश. नफ्यातोट्याचा वाटेकरी तो शेअरधारक, हा अर्थ ध्यानी असता तर ‘दरमहा ठराविक’ या दोन शब्दांपाशीच व्यवहार थांबला असता, कारण ठराविक देण्याचा करार हा शेअरचा नव्हेच, तो ठेवीचा. तशा ठेवी बुडविणाऱ्यांवर १९९९ च्या ठेवीदार हितसंरक्षण अधिनियमाखाली कारवाई होऊ शकते, त्यांची मालमत्ता जप्त करता येते, आणि त्यासाठी फिर्याद पोलिसांकडे द्यावयाची असते. शेअरच्या खऱ्या दलालाचा नोंदणी क्रमांक मात्र शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीच्या यादीत पैसे देण्यापूर्वीच पाहून घेता येतो.