पक्षाघातानंतर बोलण्यातला भाव का हरवतो?

पक्षाघाताच्या रुग्णाची दोन-तीन महिन्यांनी फेरतपासणी करताना आम्ही घरच्यांना विचारतो, 'घरी कसं चाललंय?' बहुतेक जण हातापायांची ताकद, जेवण, झोप यांबद्दल सांगतात. काही जण मात्र रुग्ण ऐकत नाही ना हे पाहून हळूच म्हणतात, 'बाकी सगळं ठीक आहे डॉक्टर, पण ह्यांना आमची मायाच राहिली नाही.' नात दहावीला उत्तम गुणांनी पास झाली तरी 'छान', आणि सख्खा भाऊ गेल्याचा फोन आला तरी 'वाईट झालं'. दोन्ही एकाच सपाट आवाजात, वाणसामानाची यादी वाचल्यासारखे.

तुमच्या घरात असे होत असेल, तर माणूस बदलला असे ठरवण्याआधी मेंदूत इजा नेमकी कोणत्या बाजूला झाली आहे, हे डॉक्टरांना विचारा.

आपले बोलणे म्हणजे नुसते शब्द नसतात. 'वा, छान केलंस!' हे शब्द शाबासकीचे असू शकतात आणि टोमण्याचेही. ऐकणाऱ्याला फरक कळतो तो आवाजाच्या चढउतारावरून, जोरावरून, गतीवरून आणि मध्ये घेतलेल्या थांब्यावरून. बोलण्यातल्या या सुराला वैद्यकीय भाषेत प्रोसोडी म्हणतात. मेंदूच्या इजेमुळे हा भावनिक सूर काढता येईनासा झाला किंवा ओळखता येईनासा झाला, तर त्याला अप्रोसोडिया म्हणतात.

बहुतेक लोकांत शब्द आणि व्याकरण यांचे काम मुख्यतः मेंदूचा डावा भाग करतो. पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी 1861 पासून हे रुग्णांच्या मेंदूवरून दाखवून दिले आणि त्यानंतर बराच काळ बोलण्याच्या संदर्भात उजव्या भागाकडे फारसे कोणी पाहिले नाही. 1979 मध्ये इलियट रॉस आणि मार्सेल मेसुलाम या अमेरिकेतील न्यूरोलॉजिस्टनी उजव्या बाजूला इजा झालेल्या दोन रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांपैकी एक शिक्षिका होती. ती कामावर परतली, शब्द सगळे नीट होते, पण वर्गातली मुले तिचे ऐकेनात, कारण तिच्या आवाजात रागाची धारच उरली नव्हती. शेवटी 'मी हे खरंच रागावून सांगते आहे' असे तिला शब्दांत जोडावे लागे. तिला राग येत होता. तो आवाजात उतरत नव्हता.

उजव्या बाजूच्या इजेत दोन वेगळ्या अडचणी दिसतात. एकीत रुग्णाला स्वतःचा भाव आवाजात आणता येत नाही. बहुधा चेहरा आणि हातवारेही थंडावतात. दुसरीत समोरच्याच्या आवाजातला भाव कळत नाही. अशा माणसाला तुम्ही वैतागून 'हो, बसा तसेच!' म्हणालात, तर तो खरोखर बसून राहतो. तो मुद्दाम छळत नसतो. काही रुग्णांत दोन्ही अडचणी एकत्र असतात. शिवाय उजव्या बाजूच्या पक्षाघातात स्वतःतला दोष न जाणवणे हेही नेहमीचे आहे, त्यामुळे 'मी तर पूर्वीसारखाच बोलतो' असे रुग्ण मनापासून म्हणतो.

डाव्या बाजूच्या पक्षाघातात अनेकदा याच्या उलट दिसते. शब्द जातात, पण सूर शिल्लक राहतो. फक्त 'हो हो' एवढेच बोलू शकणारे आजोबा त्या दोन अक्षरांत नकार, आनंद, चिडचिड सगळे सांगतात आणि घरच्यांना ते बरोबर कळते. अर्थात मेंदूची वाटणी इतकी काटेकोर नसते. नॉर्वेत 1941 च्या हवाई हल्ल्यात बॉम्बचा तुकडा डोक्याच्या डाव्या बाजूला लागलेल्या एका तरुणीचा बोलण्याचा ढंगच बदलला. देश जर्मनांच्या ताब्यात होता, आणि तिची स्वतःची माणसे तिला जर्मन समजू लागली! पार्किन्सन आजारातही आवाज हळू आणि एकसुरी होतो. डोक्याला मार लागल्यावर किंवा मेंदूत गाठ असल्यासही असा बदल होऊ शकतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. पक्षाघातानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना कधी ना कधी नैराश्य येते. सपाट आवाज हे नैराश्याचे लक्षण असू शकते, किंवा नैराश्य नसताना केवळ अप्रोसोडिया असू शकतो. पण दोन्ही एकत्रही असतात, आणि तेव्हा धोका असतो. 'मला जगावंसं वाटत नाही' हे वाक्य रुग्ण 'आज भाजी आणायची आहे' अशा सुरात म्हणतो आणि घरचे ते हसण्यावारी नेतात. 'छातीत दुखतंय' हेही तसेच. अशा रुग्णाच्या बाबतीत सुरावर जाऊ नका, शब्द खरे धरा. झोप, भूक, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतला रस यांबद्दल थेट विचारा आणि ते डॉक्टरांना सांगा. जीव देण्याचे विचार बोलून दाखवले तर रुग्णाला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. टेलिमानसच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत मदत मिळते.

घरी काय करता येईल? भावना शब्दांत सांगण्याची सवय दोन्ही बाजूंनी लावायची. 'मला तुमचा राग आलाय', 'मी आज खूश आहे' असे उघड बोलायला आपल्याकडे अवघडल्यासारखे होते, नवरा-बायकोत तर जास्तच. पण इथे त्याला पर्याय नाही. टोमणे आणि आडवळणाचे बोलणे टाळा. नातवंडांना सांगा की आजोबांचा आवाज आजारी आहे, ते रागावलेले नाहीत. फोनवर चेहरा दिसत नसल्याने गैरसमज वाढतात, म्हणून दूरच्या नातेवाइकांनाही आधीच कल्पना द्या.

स्पीच थेरपिस्टकडे यासाठी सराव असतो. थेरपिस्ट एक वाक्य विशिष्ट भावाने म्हणतात, रुग्ण आधी त्यांच्याबरोबर आणि मग एकटा म्हणतो. किंवा आनंदात आवाज कसा चढतो, दुःखात कसा मंदावतो, हे पाहून शिकतो. यावरचे अभ्यास लहान आहेत, पण काही रुग्णांत सुधारणा झालेली दिसते. खात्रीने गुण येईल असे औषध मात्र नाही. जाताना रुग्णाचा आजारापूर्वीचा एखादा व्हिडिओ मोबाइलवर घेऊन जा. मुळात अबोल असलेला माणूस आणि आता अबोल झालेला माणूस यांतला फरक थेरपिस्टला त्यावरून पटकन कळतो.

एक सावधगिरी. आवाज किंवा बोलणे अचानक बदलले, तोंड वाकडे झाले, हात किंवा पाय लुळा पडला, तर हा लेख बाजूला ठेवा आणि 108 वर फोन करा. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.